ओट्याखालची मोरी

भीमराजने पहार दोन्ही हातांत उभी धरली आणि बर्नार्डच्या ओट्यावर एक ठोका दिला. आवाज पोकळ आला. पाऊलभर सरकून त्याने दुसरा दिला, तोही तसाच. तिसरा ओट्याच्या कडेला दिला तेव्हा मात्र पहार खण्णकन वाजली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"इथनंच जाते," तो मुकादम सीतारामला म्हणाला. "खडूने खूण कर."

ओट्यावर चादर अंथरून मिरच्या वाळत घातल्या होत्या. सीताराम त्या चुकवत खूण करायला वाकला, तेवढ्यात गंजीफ्रॉकवरच बर्नार्ड बाहेर आला. त्याचा आजा या पाखाडीचा, इथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीचा, पाटील होता. पाटीलकी केव्हाच गेली, नातू मरोळच्या कारखान्यात फिटर झाला, तरी पाखाडीत त्याला अजून पाटीलच म्हणत.

"ए ओव्हरसियर, माझ्या ओट्यावर कसली रांगोळी काढतो?"

"पाटील, खाली दगडी मोरी आहे. अर्धी गाळाने भरलीय. उघडायची तर ओटा काढावा लागेल."

"काढावा लागेल?" बर्नार्ड हसला. "पंधरवड्याने माझ्या पोरीचं, लूर्डसचं लग्न. मांडव काय तुझ्या डोक्यावर घालू?"

सीतारामने खडू मुठीत लपवला. भीमराज जागचा हलला नाही.

मोरी दुसऱ्या जागतिक लढाईच्या काळातली होती. टेकाडावरच्या छावणीचं पाणी मिठी नदीत सोडायला मिलिटरीने ती जमिनीखालून कमानीची बांधून काढली होती. लढाई संपली, मिलिटरी गेली, मोरी तेवढी राहिली. छावणीच्या जागी सोसायटी उभी राहिली, तिच्या बगलेला कारखाने आले, आणि सगळ्यांनी आपापलं पाणी त्याच मोरीत सोडलं. ती कुठून कशी जाते हे मात्र कुणाला नीट ठाऊक नव्हतं. दरवर्षी मे महिन्यात म्युनिसिपालिटीच्या ऑफिसची माणसं सोसायटीच्या फाटकापासून गाळ उपसायला सुरुवात करीत. कारण सरळ होतं. सोसायटीत टेलिफोन होते. तिथे गटार तुंबलं की साहेबांच्या टेबलावर घंटी वाजायची. खाली तुंबलं तर नुसती घाण सुटायची, आणि घाणीला नंबर फिरवता येत नाही. वरचा भाग साफ होईपर्यंत जून उजाडायचा. हलवलेला गाळ घसरत खाली यायचा आणि कुठेतरी आधीच बुजलेल्या जागी थटायचा. मग नदीत जायचं पाणी जमिनीवर यायचं. पाखाडीत गुडघाभर, आणि पाखाडीच्याही खाली, नदीच्या अंगाला असलेल्या नागसेनवाडीत छातीपर्यंत. भीमराज त्याच वाडीत वाढला होता, अजून तिथेच राहत होता. गेल्या साली पाणी ओसरल्यावर वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. शेजारच्या शकूची दोन वर्षांची मुलगी दवाखान्याच्या वाटेवर तिच्या खांद्यावरच गेली.

यंदा भीमराजने कामाचा आराखडा उलटा लावला होता. आधी पाखाडीतून माग काढत नदीकडचं तोंड शोधून मोकळं करायचं, मग पायरीपायरीने वर चढायचं. सोसायटीचं फाटक शेवटी. ऑफिसातल्या वागळे साहेबांनी तो वाचून चष्मा काढला होता. "तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे," ते म्हणाले होते. "पण पहिली तक्रार आली की मी तुम्हाला ओळखत नाही." भीमराजने तोच होकार समजून दुसऱ्या दिवशी गँग बाहेर काढली होती.

"वरनं सुरू करा की," बर्नार्ड म्हणाला. "दरसाल करता तसं. तोवर लग्न उरकतं."

"दरसाल वरनं केलं, म्हणून दरसाल पाणी तुमच्या घरात आलं."

"माझ्या घरात येतं ते मी बघून घेईन. तुला माझी काळजी कधीपासून? तुझी वस्ती बुडते म्हणून माझा ओटा फोडायचा. खोटं आहे का?"

"खोटं नाही. माझीच वस्ती बुडते. तुम्हाला खुर्चीवर चढून बसता येतं, आमच्याकडे माणसं पत्र्यावर बसतात."

दारात बर्नार्डची बायको बर्था येऊन उभी राहिली होती. तिने खाली बसून चादर गोळा करायला घेतली.

"गेल्या साली माझा बाटलीमसाला भिजला," ती मिरच्यांकडे बघत म्हणाली. "वर्षाचा मसाला. नाल्यात ओतला मी. तो कोणाच्या पाण्याने भिजला?"

"तू मिरच्या बघ गो."

"बघते. कुठे वाळवू तेवढं सांग."

बर्नार्डने मानेवरून हात फिरवला. सगळी पाखाडी आता आपापल्या दारात आली होती. त्यांच्यासमोर ऐकून घेणं त्याला जड गेलं असावं, पण बायकोसमोर नाही म्हणणं त्याहून जड होतं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "मोरी नदीपर्यंत जाते ना? मग सगळी उघडायची. मधे कोणाचं काय येईल ते फोडायचं. माझं फोडायचं आणि पुढे कुणाला वाचवायचं, असं चालणार नाही. मी बरोबर चालणार."

"चला," भीमराज म्हणाला. "जे येईल ते फोडू. माझा शब्द."

शब्द देताना त्याला काहीच जड वाटलं नाही. पाखाडीच्या पुढे बाभळीचं रान होतं आणि मग नदी. मोरी त्या रानातूनच सरळ जात असणार, असं तोही धरून चालला होता.

पण मोरी सरळ गेली नाही. बाभळींच्या अलीकडे ठोक्याचा आवाज एकदम भरीव यायला लागला. सीतारामने मागे येऊन पुन्हा ठोकलं, डाव्या हाताला सरकून ठोकलं. पोकळ आवाज डावीकडे वळला होता. ती माणसं त्या आवाजामागून चालत राहिली; पुढे सीताराम, मागे भीमराज, त्याच्यामागे बर्नार्ड, आणि बर्नार्डच्या मागे पाखाडीतली रिकामी मंडळी. वाडीच्या पहिल्या झोपड्या लागल्या. नळावरच्या बायका हंडे धरून बाजूला झाल्या. दोन झोपड्यांमधल्या बोळातून आवाज गेला आणि मोकळ्यावर आला, तिथे सीताराम थांबला.

समोर वाडीचा ओटा होता. वर पंचशीलाचा झेंडा, पत्र्याच्या छपराखाली बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. वाडीत तेवढी एकच जागा पावसात कोरडी राहायची.

"ठोक," भीमराज म्हणाला.

सीतारामने पहार खाली टेकवली. "तू ठोक."

भीमराजने पहार घेतली आणि ओट्याच्या भिंतीला, खालच्या अंगाला, एक ठोका दिला. आवाज पोकळ आलाच नाही. दबका आला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. तो नदीकडे उतरला. मोरीचं तोंड तिथे गवतात सापडलं. आजवर सगळ्यांनी ते जुन्या विहिरीचं बांधकाम समजून सोडून दिलं होतं. गँगमधल्या दशरथने बांबूला बांबू बांधून आत सारला. बांबू सरसर गेला आणि एका जागी अडकला. त्यांनी तो बाहेर काढून तितकाच जमिनीवर ठेवून पाहिला. त्याचं टोक बरोबर ओट्याच्या मधोमध येत होतं.

कमान बसली होती. वरच्या ओझ्याने दगड खाली उतरले होते आणि त्यांच्या आडोशाला वर्षानुवर्षांचा गाळ साचला होता. बर्नार्डच्या ओट्याखाली नुसता गाळ होता. खरं बूच इथे होतं. वाडीला बुडवणारं पाणी वाडीच्याच ओट्याने अडवलं होतं.

दशरथने बांबूच्या गाठी सोडायला घेतल्या. मग बर्नार्डने भीमराजच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं.

"हे बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता टोमणा नव्हता. "मी पाहिलं, तू पाहिलंस. माझ्याकडे लग्न आहे, तुमच्याकडे हे आहे. तू वरनं सुरू कर दरसालसारखा. मी काय बोलणार नाही, तू काय बोलू नको. पाण्याचं काय, आलं तसं जातं."

भीमराजने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस वाईट नव्हता. लबाडी अशा समजूतदार आवाजात बोलते, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकते.

"उद्या सकाळी," भीमराज म्हणाला. "आधी आमचा."

"वस्ती ऐकेल?"

"ते मी बघतो."

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा आबा दाराशी बाजेवर बसून सुपारी कातरत होते. धोंडिराम आबा म्हणजे जुने ड्रेनेजवाले. जन्मभर मॅनहोलमध्ये उतरले आणि तिथली वाफ छातीत घेऊन पेन्शनीत निघाले. पाच वाक्यं बोलली की त्यांना खोकला गाठायचा, म्हणून ते मोजकंच बोलत. आतमध्ये आई, राधा, चुलीपुढे होती.

"सापडली?" आबांनी विचारलं.

"सापडली."

"ओट्याखाली."

भीमराज बुटांची नाडी सोडत होता. त्याचा हात तसाच राहिला.

"तुमच्या कानावर आलं?"

"कानावर कशाला यायला पायजे? पहिला दगड मीच बसवलाय तिथं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, खाली काय आहे ते."

"चिखलात पाय टाकला आन् खाली घडीव दगड लागला. मोरीत जन्म गेला माझा. तो कशाचा दगड ते मला दुसऱ्यानं सांगायचं?"

आई चुलीपुढून वळली. "मला तर तुम्ही जुनं जोतं हाय म्हणाला होता."

"तुला म्हणालो."

"चुना मी कालवलाय त्याचा. हाताची सालं निघाली होती माझ्या."

आबा अडकित्त्याकडे बघत राहिले.

"मग बांधला कशाला?" भीमराजने विचारलं. त्याचा आवाज चढला होता, आणि तो त्याने चढू दिला. "ठाऊक असून?"

"दीक्षा घेऊन आलो नागपूरहून. म्हटलं, एक जागा पायजे, चार माणसं बसतील अशी. टेकाडावर मागितली, तर तिथं सोसायटी यायची होती. रस्त्याच्या कडेला मागितली, तर सकाळी बघतो तो कुंपण. जिथं दगड ठेवावा तिथं कुणीतरी मालक उगवायचा." खोकला आला. तो ओसरेपर्यंत ते थांबले. "मग म्हटलं, जिच्याकडं कुणाचा डोळाच जाणार नाही अशी जागा धरू. गटारावरची जागा कोण मागतं? आजवर आलं का कुणी, हे आमचं म्हणून?"

"कमान बसलीय आबा. ओट्याच्या वजनाने."

आबांचे हात थांबले.

"बसलीय?"

"पार खाली आलीय. पाणी तिथेच अडतं."

"मजबूत होती," आबा म्हणाले. "मी स्वतः आत शिरून बघितली होती. मजबूत होती तवा."

शेजारच्या झोपडीत शकू भांडी घासत होती. मधे नुसता तट्टा होता. तिकडचा घासण्याचा आवाज मघाशीच बंद झाल्याचं भीमराजच्या आत्ता ध्यानात आलं. आबांच्याही आलं असावं. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात न टाकता पुन्हा डबीत ठेवलं.

"उद्या काढतोय," भीमराज म्हणाला.

"मला सांगतोस का विचारतोस?"

भीमराजने काढलेले बूट भिंतीशी नीट लावून ठेवले.

"विचारू नको," आबा म्हणाले. "विचारलंस तर मी नाही म्हणेन."

आईने ताटात भाकरी टाकली. नेहमीपेक्षा जोरात टाकली.

सकाळी गँग आली तेव्हा वाडी ओट्याभोवती जमलेलीच होती. भीमराजचा शब्द खरा होतो का ते बघायला बर्नार्ड आणि पाखाडीतली पाचसहा माणसं बोळाच्या तोंडाशी उभी होती. गँगमधली निम्मी माणसं याच वाडीतली. ती घण, पहारी घेऊन आली, पण ओट्यापासून दहा पावलांवर थांबली.

"भीम्या," दशरथ म्हणाला. कामावर तो त्याला साहेब म्हणे. आज म्हणाला नाही. "ऑफिसात खुर्ची मिळाली तसा पहिला आपलाच ओटा दिसला काय रे?"

"पहिला दुसऱ्याचा दिसला होता. तिथनं माग काढत इथं आलो. तूच बांबू सारलास."

"सोसायटीच्या फाटकाला हात लावशील?"

"लावणार. खालनं वर जायचंय. फाटक शेवटी आहे, पण आहे."

"तोवर तुझी बदली होईल."

"होऊ दे. मधेच सोडलेली मोरी तुंबते, हे पुढच्या ओव्हरसियरलाही दिसेल."

एकदोघं हसले, पण पुढे कुणी झालं नाही. भीमराजने सीतारामकडे पाहिलं.

"मी रोज इथं हात जोडतो," सीताराम म्हणाला. "मी घण नाही घालणार. मेमो दे, काय पायजे ते कर."

"तुला मेमो देत नाही. मूर्ती कुणी उचलेल का?"

गर्दी तशीच राहिली. मग बायकांच्या बाजूने शकू पुढे आली. तिने पदर खोचला, ओट्यावर चढली आणि मूर्तीपुढे वाकली. मूर्ती तिच्या एकटीने उचलण्याजोगी नव्हती. तिने दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मागून राधेने हात घातला. दोघींनी मिळून मूर्ती खाली आणली आणि कुणाला न विचारता शकूच्या झोपडीत नेली. फोटो न्यायला राधा पुन्हा आली. परत जाताना ती मुलाच्या अगदी जवळून गेली, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

भीमराजने बूट काढले. मोजे काढून बुटांत खुपसले. घण उचलून तो अनवाणी ओट्यावर चढला. इतकी वर्षं तो या ओट्यावर असाच चढत आला होता, हातात फुलं घेऊन. त्याने घण डोक्यावर नेला.

"मधे नको."

आबा गर्दीच्या मागे उभे होते. माणसं बाजूला झाली. ते काठी टेकत ओट्यापर्यंत आले, धापा टाकत थांबले.

"मधे मारलास तर सगळी कमान आत बसेल. मग पाऊस संपला तरी काढत बसशील." त्यांनी काठीने पूर्वेकडचा कोपरा दाखवला. "तिकडनं धर. एकेक दगड सुटा कर. मी बसवताना शेवटचा तोच बसवलाय."

भीमराज कोपऱ्याकडे सरकला. पहिल्या घावाला नुसता चुना उडाला. दुसऱ्याला दगड हलला. तिसरा घाव घालायच्या आत त्याच्या शेजारी कुणीतरी पहारीचं टोक सांध्यात घातलं. त्याने पाहिलं. सीताराम होता. त्याचे गमबूट खाली भीमराजच्या बुटांशेजारी काढलेले होते. मागून दशरथ बूट काढत एका पायावर नाचत होता आणि नाडीला शिव्या देत होता.

दगड सुटत गेले. बायकांनी ते हातोहात घेऊन वाडीच्या वरच्या अंगाला रचले. कुणी सांगितलं नव्हतं, पण फेकले कुणीच नाहीत. ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला कमानीचा खचलेला दगड उचलला गेला आणि खालून असा भपकारा आला की बोळातली माणसं चार पावलं मागे हटली. आबा हटले नाहीत. ते कडेशी वाकून आत बघत राहिले, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे. खाली काळा गाळ होता, गच्च. दशरथने त्यात बांबू घालून ढवळला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग नदीच्या बाजूला कुठेतरी हवा सुटल्यासारखा आवाज झाला, आणि गाळावरचं पाणी बोटभर खाली गेलं. थोड्या वेळाने आणखी बोटभर.

"जातंय," आबा म्हणाले. एवढंच बोलले आणि खोकायला लागले. शकूने आतून पाणी आणून दिलं. त्यांनी तांब्या घेतला, पण तिच्या तोंडाकडे बघणं त्यांना जमलं नाही. ती मात्र त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली आणि तांब्या परत घेऊन गेली.

बर्नार्ड बोळाच्या तोंडाशी एकटाच उरला होता. बरोबरची माणसं वासाने केव्हाच पांगली होती. नाकावर रुमाल धरून तो ओट्याच्या जागेपर्यंत आला आणि खड्ड्यात डोकावला. खाली भीमराज गुडघाभर गाळात उभा राहून घमेलं भरत होता.

"ओव्हरसियर," त्याने हाक मारली.

भीमराजने मान वर केली.

बर्नार्डने नाकावरचा रुमाल काढून खिशात ठेवला.

"आमच्याकडे कधी येताय?"